पाठमोरी चाल

"टीचर, खालची पट्टी कुठे गेली?" अनुपाने विचारलं.

"मी काही केलं नाही. नुसतं बोट लागलं."

पडद्यावरची टाइमलाइन गायब झाली होती. फिलोमिना टीचर तापल्या तव्याला हात लागल्यासारखे दोन्ही हात वर धरून बसल्या होत्या. अनुपाने वरच्या मेनूतून पट्टी परत आणली. मागच्या खुर्च्यांवरची मुलं हसली.

"हसा. तुमच्यातल्या निम्म्यांच्या आयांना ब्रश धरायला मी शिकवलंय."

ते खरंच होतं. त्रिशूरच्या कॉन्व्हेंट शाळेत टीचरनी जन्मभर चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्या, गेल्या वर्षी नवरा गेला, आणि एका सकाळी त्या अनुपा शिकवत असलेल्या अ‍ॅनिमेशनच्या या क्लासात येऊन उभ्या राहिल्या. "मला एक माणूस चालवायचाय," त्या म्हणाल्या. "बाकी काही शिकवू नकोस."

बाकी काही न शिकता माणूस चालणार नव्हता. डावीकडे ब्रश आणि खोडरबर, उजवीकडे एकावर एक रचलेले लेयर, म्हणजे चित्राचे पारदर्शक थर, खाली टाइमलाइन. पहिले काही दिवस टीचर लेयर रंगांच्या पेटीत शोधायच्या आणि माणूस रस्त्याच्याच लेयरवर काढून बसायच्या. मग रस्ता पुसला की माणूसही पुसला जायचा.

"हा मेला दरवेळी पळून जातो," त्या म्हणायच्या आणि पुन्हा काढायला घ्यायच्या.

ओनियन स्किन सापडलं त्या दिवशी मात्र त्यांनी खुर्ची पुढे ओढली. ते बटण दाबलं की आधीच्या चित्राची फिकट छाया नव्या चित्राखाली दिसत राहते. मागचं पाऊल कुठे होतं ते कळतं, पुढचं कुठे पडणार ते ठरवता येतं.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणालात, बाकी काही शिकवू नकोस."

"आगाऊ आहेस." पण त्यांचे डोळे चमकत होते. त्या दिवशी त्या चहालाही उठल्या नाहीत. अनुपाने पळंपोरी आणून ठेवली, केळ्याची ती भजी तशीच गार झाली.

हळूहळू माणूस दिसू लागला. पाठमोरा. लुंगीसारखा मुंडू गुडघ्यापर्यंत दुमडलेला, डावा खांदा उतरलेला, उजवं पाऊल बाहेर फेकलेलं. मधेच तो मुंडू सावरायचा, तोही बोटांनी नाही, मनगटाच्या मागच्या बाजूने.

"फोटो आणा ना," अनुपा म्हणाली. "चेहरा पण करू. एकदा वळून बघेल."

"नको. तो वळला नव्हता." टीचर पडद्याकडेच बघत होत्या. "माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेला. एकदाही मागे बघितलं नाही."

घरच्या गोष्टी सांगताना टीचर नवऱ्याला 'औसेपेट्टन' म्हणत, 'ते' म्हणत. इथे मात्र 'तो'. अनुपाला ते गोड वाटलं. चाळीस वर्षांच्या संसारात जे तोंडावर म्हणता आलं नसेल, ते आता म्हणत असतील.

"विसरायच्या आत उतरवायचंय," टीचर एकदा म्हणाल्या. "डोळे मिटले की दिसतो. पण हल्ली कडा पुसट होतात."

त्या वाक्यानंतर अनुपाही झपाटली. आपलं काम संपलं की ती त्यांच्याशेजारी येऊन बसायची. खांदा अजून खाली? पाऊल अजून बाहेर? टीचर स्वतः उठून क्लासच्या बोळात चालून दाखवायच्या, साडी वर धरून. मुलं आता हसत नव्हती. कुणी म्हणायचं, "टीचर, टाच जरा उशिरा टेकवा." टीचर ऐकायच्या, करून बघायच्या, कधी मान डोलवायच्या, कधी म्हणायच्या, "नाही. तो इतका सावकाश नव्हता. घाईत होता."

शनिवारी दुपारी त्यांनी प्लेचं बटण दाबलं आणि तो चालला.

खरंच चालला. खांदा, पाऊल, मनगट, सगळं त्या एका माणसाचं. मुलं खुर्च्या सोडून भोवती जमली. टीचरनी छातीवर हात ठेवला. श्वास लागल्यासारखा झाला होता त्यांना, आणि त्या हसत होत्या.

"हाच," त्या म्हणाल्या. "मोळे, हाच तो." मोळे म्हणजे पोरी. अनुपाला त्या आज पहिल्यांदाच तसं म्हणाल्या. अनुपाने डोळे पुसले.

"पेन ड्राइव्हवर दे. आणि स्कूटरवरून मला सोडशील?"

"घरी ना?"

"वाटेत सांगते."

वाटेत त्यांनी स्कूटर पोलीस स्टेशनच्या फाटकात थांबवायला लावली. अनुपा गोंधळून मागोमाग आत गेली.

"परत आलात, टीचर?" टेबलामागचा हवालदार कंटाळून म्हणाला. "आम्ही सांगितलं ना, चेहरा न बघता नुसत्या पाठीवरून माणूस कसा शोधायचा..."

"फक्त हे बघा." त्यांनी पेन ड्राइव्ह पुढे केला.

हवालदाराच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर तो माणूस चालू लागला. चालत गेला, पुन्हा पहिल्यापासून चालत गेला. हवालदार आधी नुसता बघत राहिला. मग त्याला हसू आलं.

"हा वखारवाला देवस्सी. अगदी हुबेहूब. काय हात आहे तुमचा, टीचर."

"नाही हो," अनुपा घाईने म्हणाली. "हे त्यांचे यजमान आहेत."

टीचरनी तिच्याकडे बघितलं नाही. "नक्की देवस्सी?" त्यांनी हवालदाराला विचारलं.

"शाळेपासून ओळखतो. हजारात ओळखेन ही चाल."

तेव्हा कुठे टीचर खुर्चीवर टेकल्या.

"औसेपेट्टन या चित्रात नाहीत, मोळे," त्या अनुपाला म्हणाल्या. "ते मागे रस्त्यावर पडलेत. त्यांना उडवून, खाली उतरून, वाकून बघून हा आपल्या गाडीकडे परत चाललाय."