नावापुढचा आकडा

प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून विभाने दुसऱ्या हाताने आईचा फोन उघडला. कालच्या भूकंपाची यादी अजून तशीच होती. धक्का बसायच्या वीस सेकंद आधी ती प्रत्येकाच्या फोनवर यायची. आपलं कोण कुठे आहे आणि तिथली जमीन किती हलणार, ते त्यात दिसायचं. भूकंपाच्या केंद्राजवळच्याला मोठा आकडा, लांबच्याला लहान. तेवढ्या वेळात फोन मात्र एकालाच लागायचा.

कोयनानगरच्या विभापुढे आठ होते. पुण्यातल्या धाकट्या बहिणीपुढे, ऋतुजापुढे, तीन.

आईने फोन ऋतुजाला केला होता.

"तिच्याकडे नुसता पंखा हलला असेल. पंखा! तरी तीच. लहानपणापासून तीच."

"ती घाबरते गं," कराडहून धावत आलेली आई म्हणाली. "तुला सवय आहे हादऱ्यांची. मला वाटलं, तू केव्हाच टेबलाखाली गेली असशील."

"मी तुला फोन लावत होते. वीसच्या वीस सेकंद एंगेज."

आई प्लास्टरकडे बघत राहिली. "मग टेबलाखाली कधी गेलीस?"

"गेलेच नाही."