भिंतीवर लावायला एक फोटो

फोटोग्राफरला बंदराचं भारी वेड. आठवडाभर स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढून जीव आंबला, की रविवारी सकाळी तो ठरलेल्या होडीत बसून बेटांकडे निघायचा. अकरा वर्षांत हा नेम चुकला नाही. उन्हं दीपगृहावर कधी येतात, पक्षी कुठल्या खडकावर बसतात, हे होडीवाल्या मामांना तोंडपाठ होतं. बरोबर वेळेला ते बरोबर जागी होडी नेऊन उभी करायचे. फोटोग्राफर एवढंच म्हणायचा, "मामा, जरा खाली वाका, मध्ये येताय." मामा हसून वाकायचे.

मामा अचानक गेले. आठवड्याभराने त्यांची मुलगी स्टुडिओत आली.

"काका, घरात बाबांचा धड एक फोटो नाही. तुमच्याकडचा एखादा चांगलासा द्याल? भिंतीवर लावायला."

"आत्ता देतो की," म्हणत तो कॉम्प्युटरपुढे बसला. बेटं निघाली, दीपगृह निघालं, लाटा, पक्षी, नांगर टाकलेली जहाजं, सगळं ढिगाने निघालं. मामा कुठेच नव्हते. एका फोटोच्या कोपऱ्यात वल्ह्यावरची चार बोटं तेवढी सापडली. त्याने स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवली.

"थोडा वेळ लागेल गं," तो कसाबसा म्हणाला.

"लागू दे ना काका," ती म्हणाली. "बाबा तर सगळ्यांना सांगायचे, तो फोटोग्राफर दर रविवारी माझेच फोटो काढायला येतो म्हणून. इतक्यांतून एक निवडायचा, म्हणजे वेळ लागणारच."