कोथिंबीरवाली मंजूषा

भोपाळच्या शिवाजी नगरातल्या मंजूषाचा रेसिपींचा चॅनल होता. कुणीतरी तिचा चेहरा उचलून एआयची मंजूषा बनवली, आणि ती बया भलत्याच कंपनीचा मसाला विकत सुटली. मंजूषाचं डोकं असं फिरलं, की तिने लेकीला, भाग्यश्रीला, लॅपटॉपसमोर बसवून तक्रार लिहायला लावली. पुरावा तर ढळढळीत होता. खोटी मंजूषा म्हणत होती, "भाजीवर कोथिंबीर भुरभुरवा." खरीने उभ्या जन्मात "सब्जीत धनिया टाकून द्या" याशिवाय काही म्हटलं नव्हतं.

भाग्यश्री बटण दाबणार, तेवढ्यात पुण्याहून थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. गेली चोवीस वर्षं त्या मंजूषाचं एकूणएक वाक्य दुरुस्त करत आल्या होत्या.

"मंजूषा, मसाल्याचा व्हिडिओ पाहिला. किती गोड मराठी बोललीस गं! मी सगळ्यांना दाखवला."

मंजूषा नुसतं "हं" म्हणाली. जास्त बोलण्यात धोका होता. फोन ठेवून तिने हळूच लॅपटॉप मिटला.



"कंप्लेंट पुढच्या हफ्त्यात करू बेटा. मुंबईवाल्या आत्याने अजून देखलं नाहीये."