उसनी तब्येत

मिस्त्रींना विमा मिळाला नाही. पण ही बातमी अजून त्यांच्या घरी पोचलेली नाही, तेव्हा तसं काही झालेलंच नाही असं धरून चालू.

विमावाला पलंगावर बसला होता, कारण घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर मिस्त्री दम खात बसले होते. मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे. या धंद्यातली गंमत अशी, की लिफ्ट चालू असते तिथे तुम्हाला कुणी बोलावत नाही. जिथे बोलावतात तिथे जिना चढूनच जावं लागतं. आणि मिस्त्रींच्या हृदयाची एक झडप आता जिन्याला नाही म्हणत होती. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशन वर्षाच्या आत करा. नंतर घाई करायची गरज उरणार नाही.

"दोन प्रकार आहेत," विमावाला म्हणाला. "प्रत्येकाचा वेगळा विमा, नाहीतर सगळ्या घराचा एकत्र. एकत्र घेतलात तर जो आजारी पडेल त्याने वापरायचा."

"आणि दोघं एकदम पडले तर?" मिस्त्रींच्या बायकोने विचारलं.

"वाटून घ्यायचा."

"म्हणजे पांघरुणासारखं," मिस्त्री म्हणाले. "मग मला काही मिळत नाही."

बायको हसली नाही. "आधीपासूनचा आजार असेल तर? शेजारणीला विचारायचंय."

"सांगावा लागतो. मग त्या आजारापुरतं तीन वर्षं थांबायचं."

"शेजारीण तेवढी थांबणार नाही."

"नाही सांगितला तर तपासणीत निघतो. तपासणीत शेजारीण ठणठणीत निघाली पाहिजे." विमावाल्याने मिस्त्रींकडे पाहिलंसुद्धा नाही. धंद्यात मुरलेला माणूस होता.

तो गेल्यावर बायकोने धाकट्या भावाला बोलावून घेतलं. त्याला सगळे पैलवान म्हणायचे. कुस्ती तो कधी खेळला नव्हता, पण घरसामान हलवणाऱ्या कंपनीत होता आणि एकटा फ्रिज पाठीवर घेऊन जिने चढायचा. पाठ दुखली की दुखण्यावरच्या गोळ्या खायचा, शेंगदाण्यासारख्या, येताजाता.

"काय करायचंय, ताई?"

"भाऊजींच्या नावाने जायचं. रक्त द्यायचं, यंत्राखाली झोपायचं आणि वय विचारलं तर वाढवून सांगायचं."

"आणि पकडलो तर?"

"तुझ्यात एवढी अक्कल असेल असं कुणाला वाटणारच नाही."

"हे बरोबर नाही," मिस्त्री म्हणाले.

"बरोबर काय ते मला पुढच्या वर्षी सांगा," बायको म्हणाली. "सांगायला राहा."

मग ती भावाकडे वळली. "आणि जायच्या दिवशी जरा लवकर झोप. डोळे बघ कसे सुजलेत. सारखा मोबाइल."

मिस्त्रींच्या ओळखपत्रावरचा फोटो इतका काळपट होता, की त्यात कुणीही मावलं असतं. पैलवान मावला. तपासणी करून आला तो छाती काढूनच. "भाऊजी, तुमचं हृदय काय चालतंय! यंत्रावरच्या पोराने दुसऱ्याला बोलावून दाखवलं."

मिस्त्रींना उगाच बरं वाटलं.

मग कंपनीतून फोन आला. अर्जदाराने समक्ष यावं.

"कळलं त्यांना," बायको म्हणाली आणि खाली बसली.

"पण अर्जदार म्हणजे नक्की कोणी जायचं?" मिस्त्रींनी विचारलं.

"बाहेरून तुम्ही आहात, आतून मी," पैलवान म्हणाला. "तिघंही जाऊ."

कंपनीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. मिस्त्रींनी सवयीने दार उघडून बघितलं. हत्यारं आणली नव्हती. पैलवान पाठ करून खाली वाकला. "बसा. फ्रिजपेक्षा हलके आहात, आणि दारही उघडं राहत नाही."

शेवटच्या वळणावर त्याने मिस्त्रींना उतरवलं, कुणी बघायला नको म्हणून. मग बाहेरच्या बाकावर धप्पकन बसला. "जा तुम्ही. मी जरा टेकतो."

आत कंपनीच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तपासणीला तुम्ही स्वतः आला होतात?"

"मीच."

"लोक कधीकधी दुसऱ्याला पाठवतात."

"लोक कुठल्या थराला जातील, सांगता येत नाही," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी एक कागद पुढे सरकवला. रक्त माझं, लघवी माझी, हृदयही माझंच, अशा अर्थाचा. मिस्त्रींनी सही ठोकली. सुटलो, त्यांना वाटलं.

बाईंनी चष्मा काढला. आवाज एकदम खाली आला.

"तुमचं हृदय अप्रतिम आहे. इतकं चांगलं हृदय मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही. पण तुमची दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ संपलीत. विमा मिळणार नाही. ते जाऊ दे. आजच्या आज दवाखान्यात भरती व्हा. या अवस्थेत तुम्ही जिना चढून वर आलातच कसे, हेच मला कळत नाही."

मिस्त्रींनी दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. बाकावर पैलवान हातवारे करून बहिणीला काहीतरी सांगत होता, आणि कित्येक महिन्यांनी ती तोंडाला पदर लावून हसत होती.

"काही विचारायचंय?" बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी सही केलेला कागद परत मागितला आणि सहीच्या खाली, जागा होती तेवढ्यात, लिहिलं:

"तरी वरील दोन्ही मूत्रपिंडे माझ्याच नावे कायम ठेवावीत, बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या मेव्हण्याच्या नावे वर्ग करू नयेत, ही नम्र विनंती."