डावा तळहात

"डोळे मिटा काका," डॉक्टर चंद्रिका म्हणाल्या. टेबलावरची कपाटाची किल्ली उचलून त्यांनी ती गुरुसिद्धप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवली. "सांगा, हातावर काय आहे?"

गुरुसिद्धप्पा डोळे मिटून वाट बघत राहिले. मग म्हणाले, "ठेवा की."

शेजारच्या स्टुलावर बसलेल्या शिवबाई पुढं वाकून बघायला लागल्या. नवऱ्याच्या पायाला मुंग्या येतात, चालताना झोक जातो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यासाठी मणक्याचे फोटो काढून झाले होते, तिळाच्या तेलाच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. पण हातावर ठेवलेली एवढी थोरली पितळी किल्ली माणसाला कळू नये?

डॉक्टरांनी किल्ली उचलली, तेही गुरुसिद्धप्पांना कळलं नाही. "उघडा डोळे. रक्तात बी-बारा फारच कमी आलंय. रोजच्या गोळ्या कुठल्या घेता?"

"एकबी न्हाय," गुरुसिद्धप्पा ताठ झाले. मंगळवार पेठेतल्या आपल्या दुकानात गिऱ्हाईकाला डाळीचा भाव सांगावा त्या ठसक्यात म्हणाले, "साखर न्हाय, बीपी न्हाय. सुपारीचं खांड तोंडात घालत न्हाय मी."

"ॲसिडिटीची?"

"ती व्हय!" ते हसले. "ती काय औषध हाय का? गॅसची गोळी ती. सकाळी पूजा झाली की ही देती."

"किती वर्षं?"

"नऊ," शिवबाई म्हणाल्या. वर थोड्या अभिमानानंच म्हणाल्या, "एक दिस खाडा केला न्हाय बाई. माहेरी गेले तरी पुडीत मोजून ठेवून जायची. ह्यो महिना तर सकाळ-संध्याकाळ दोन द्यायले."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आधीच्या डॉक्टरांना हे सांगितलं होतं?"

"ते इचारायचे औषध काय चालू हाय. आमी सांगायचो, काय न्हाय."

"काकू, पोटातलं आम्ल आपण वाईटच समजतो. पण अन्नातलं बी-बारा सुटं व्हायला तेच लागतं. तुमच्या घरी दूध-दह्यातून मिळेल तेवढंच, ते मुळात थोडं. त्यात या गोळीनं नऊ वर्षं आम्ल दाबून धरलं. जे पोटात गेलं तेही अंगी लागलं नाही. नसा उपाशी राहिल्या. आणि या महिन्यात दोन का?"

शिवबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. कारण त्यांना माहीत होतं, पण ते त्यांनी पोटच्या पोरालाही सांगितलं नव्हतं. महिन्यापूर्वी गुरुसिद्धप्पा पूजेला बसले होते. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग, लिंगायतानं मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं ते, रोजच्यासारखं डाव्या तळहातावर घेऊन डोळे मिटले होते. हात कलला, लिंग घरंगळून आसनावर पडलं. आणि गुरुसिद्धप्पा त्या रिकाम्या हातापुढं मान लववून तसेच बसून राहिले, कितीतरी वेळ. डोळे उघडल्यावर एवढंच म्हणाले, "लिंग अंगावरनं गेलं. आता माझंबी सरलं." तेव्हापासून ते दिवसातून एकदाच जेवत. रिकाम्या पोटी जळजळ वाढली, म्हणून शिवबाईंनी गोळी वाढवली.

"उपवास धरलाय त्येनी," त्या कशाबशा म्हणाल्या.

पण गुरुसिद्धप्पांचं लक्ष नव्हतं. त्यांचा चेहरा उजळत चालला होता. "म्हंजे ह्ये गोळीनं केलंय?" त्यांनी डॉक्टरांना पुन्हा विचारलं. "नक्की गोळीनं?"

"बहुतेक तेच. गोळी आता माझ्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करायची. उपवास बंद."

"ऐकलंस का गं! शिवानं सोडलं न्हाय मला. गोळी व्हती ती, गोळी!"

शिवबाईंनी मान हलवली. गोळी काय आपल्या पायांनी चालत आली होती? ती त्यांनी दिली होती, रोज, पाण्याच्या तांब्यासकट. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

"बाई," त्यांनी डॉक्टरांचा हात धरला, "परत येतंय न्हवं ओ? हातात? सगळं न्हाय तर डाव्या हातात तरी?"

"एक दिवसाआड इंजेक्शन सुरू करू. सहा महिने बघू. उशीर झालाय काकू, किती परत येईल ते आज सांगता येणार नाही." हात हलकेच सोडवून घेऊन डॉक्टर इंजेक्शन आणायला गेल्या.

दार लागताच गुरुसिद्धप्पांनी सदऱ्याचं बटण काढलं. डबी उघडायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. त्यांनी लिंग डाव्या तळहातावर ठेवलं आणि डोळे मिटले. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. हात मात्र कलायला लागला, तशी शिवबाईंनी घाईघाईनं आपली ओंजळ त्याच्याखाली धरली.

"हाय का गं हातावर?"

"हाय ओ."

"मग झालं तर. कळंल आता हळूहळू."

शिवबाई खाली वाकल्या होत्या. डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबेना. एक थेंब टपकन नवऱ्याच्या तळहातावर पडला, लिंगाच्या अगदी शेजारी. मग दुसरा. दोन्ही मिळून हातावरच्या रेषेतून मनगटापर्यंत ओघळले.

गुरुसिद्धप्पा डोळे मिटून तसेच हसत बसले होते.