हाकेला ओ

वॉर्डात सगळे पेशंट मला ‘सिस्टर’ म्हणूनच हाक मारतात. मिशी दिसते त्यांना, पण तोंडात तोच शब्द बसलाय, आणि मीही बिनदिक्कत ओ देतो. बाबांना ते मुळीच खपत नसे. ते शिंपी. दुकानात सांगायचे, “मुलगा हॉस्पिटलात असतो,” आणि गिऱ्हाइकाने “डॉक्टर का?” विचारलं की शिलाई मशीन जोरात चालवायचे. आता ऑपरेशन होऊन तेच माझ्या वॉर्डात आले होते. शेजारच्या दुकानातले इस्त्रीवाले काका त्यांना भेटायला आले, तेव्हा मी बाबांच्या हाताला सलाईनची सुई लावत होतो. “डॉक्टर मुलगा स्वतः करतोय सगळं. नशीब काढलंत,” काका म्हणाले. बाबा पंख्याकडे बघत राहिले; इथे मशीन नव्हतं. मीही ते न खोडता सुईवर चिकटपट्टी लावली. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेवरून आजींनी हाक मारली, “सिस्टर,” आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, “आलो, आजी.” काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबांनी हात उजेडात धरला आणि सुई शिरली होती ती जागा निरखली, कापडावरचा टाका बघावा तशी. “कळलंसुद्धा नाही,” ते पुटपुटले. “जा, आजी थांबल्यात.” मी दोन खाटा ओलांडल्या असतील, तोच मागून त्यांचा दुकानातला आवाज आला, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा. “डॉक्टर नाही हो तो. आमच्याच धंद्यात आहे, सुईच्या.”