पिवळी रेघ

दोन महिन्यांत एका जुन्या मोटारसायकलचं हेड गास्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाखालचं पॅकिंग, मी तिसऱ्यांदा बदलत होतो. ऑइल पुन्हा गळायला लागलं की तिचा मालक माझ्याच नावाने खडे फोडायचा. नट आवळून झाला की त्यावरून खाली झाकणापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायची माझी सवय आहे. नट जरा हलला तरी रेघ तुटते. या वेळी इंजिन उघडताना पाहिलं, तर चारही रेघा तुटलेल्या. कुणीतरी पाना लावून नट सैल केले होते.

संध्याकाळी गाडीमालकाची बायको चौकशीला आली. तिच्या मनगटाला पट्टी बांधलेली होती.

"उद्या देतो गाडी, वहिनी."

"अजून चार दिवस ठेवा ना. गाडी नसली की हे बसने उशिरा घरी येतात. तेवढेच दोन तास बरे जातात."

मी पट्टीकडे पाहिलं. "आता नटांना हात लावू नका, वहिनी. रेघेचं मी त्यांना सांगून बसलोय. रोज तपासतील."

ती पुढच्या चाकाशी वाकली.

"भाऊ, ब्रेकच्या नटांवरही रेघ मारता का?"